एकचाकी सायकल शिकण्यासाठी गावात जागा कशी शोधावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युनिसायकल, म्हणजेच एकचाकी सायकल, शिकू पाहणाऱ्यांकडून आणि तितक्याच वेळा त्यांच्या पालकांकडून व शिक्षकांकडून जागेविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे विदर्भातील खेडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. काळी जमीन, मे महिन्याचे ऊन, सोयाबीन-कापसाचा आणि धानाचा हंगाम, सराट्याचे काटे आणि जंगलाची सोबत लक्षात न घेता सांगितलेला सल्ला इकडे फारसा उपयोगी पडत नाही. चालवण्याचे तंत्र जागेशी संबंध येईल तेवढेच घेतले आहे.

१. नवशिक्यासाठी चांगली जागा म्हणजे नेमकी कशी?

जमीन कडक, सपाट आणि कोरडी असावी. हाताला धरण्यासाठी न हलणारा आधार असावा. आणि आधाराचा हात सुटताच समोर मोकळी जागा असावी. या तीनही गोष्टी एकाच ठिकाणी असणे महत्त्वाचे आहे, आणि तिसरीकडेच बहुतेकांचे दुर्लक्ष होते. शंभर फूट लांब भिंत मिळाली की जागा सापडल्यासारखे वाटते. परंतु भिंतीच्या कडेकडेने रोज जात राहिल्यास शरीराला भिंतीकडे झुकण्याची सवय लागते आणि हात सुटला की तोल त्याच बाजूला जातो. त्याऐवजी आठ-दहा फुटांचा कठडा आणि त्यापुढे पन्नास-साठ फूट मोकळे पटांगण असेल, तर कठडा धरून चढायचे, तोल सावरायचा आणि कठड्यापासून दूर मोकळ्यात निघायचे, असा योग्य सराव घडतो. सुरुवातीला दिशा आपल्या हाती नसते, म्हणून रुंदी निदान दहा-बारा फूट हवी. उतरताना पाय पुढे पडतात आणि सायकल मागे फेकली जाते, म्हणून मागेही पाच-सहा फूट मोकळे हवेत.

या सायकलीला साखळी नसते आणि फ्रीव्हीलही (पाय थांबवला तरी चाक फिरू देणारी रचना) नसते. पेडल थेट चाकाच्या आसाशी जोडलेले असतात, त्यामुळे पाय थांबला की चाक थांबते आणि चाक अडले की पाय अडतो. दुचाकी सायकल जो खडा सहज ओलांडते, तोच खडा येथे माणसाला पुढे उतरायला लावतो. जागेविषयीचे पुढचे जवळपास सगळे नियम याच एका गोष्टीतून निघतात.

२. मऊ मातीवर किंवा गवतावर पडल्यास लागणार नाही. मग तिथेच का शिकू नये?

ही समजूत फार पसरलेली आहे, आणि तिच्यामुळे शिकणे लांबते. नवशिक्याचा वेग चालण्याइतकाच असतो आणि तोल गेल्यावर तो बहुतेक वेळा पायांवरच उतरतो. खरी गैरसोय होते ती मऊ जमिनीत चाक रुतल्यामुळे. चाक रुतले की पेडलवर जोर द्यावा लागतो, जोर दिला की शरीराचा भार सीटवरून पायांवर येतो, आणि भार सीटवर नसेल तर तोल राहत नाही. गवताखाली खड्डे दिसत नाहीत. काळ्या जमिनीचे तर सांगायलाच नको: उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती टायरला चिकटून फोर्कपर्यंत (चाक धरणाऱ्या दांड्यांपर्यंत) भरते. पूर्वीसारखे शेणाने सारवलेले, घट्ट चोपलेले खळे कुठे शिल्लक असेल तर मात्र ती अपवादात्मक चांगली मातीची जागा आहे. पाणी मारून रोलर फिरवलेले कबड्डीचे मैदान शेवटच्या टप्प्यात चालू शकते. टप्प्यांविषयी प्रश्न ९ पाहा.

पडण्याची भीती असेल तर जमीन मऊ शोधण्यापेक्षा हातमोजे, गुडघ्यांचे पॅड आणि हेल्मेट घालावे. दातेरी लोखंडी पेडलऐवजी प्लास्टिकचे पेडल लावल्यास नडगीही वाचते.

३. आमचे गाव लहान आहे. अशी जागा गावात कुठे कुठे असू शकते?

गाव लहान असणे ही अडचण नाही. आमच्या मते खेड्यात जागा शहरापेक्षा जास्त असतात, फक्त प्रत्येक जागा दिवसाच्या किंवा वर्षाच्या ठराविक वेळी दुसऱ्या कामाची असते, आणि ती वेळ ओळखणे हेच खरे शोधकाम आहे.

पहिली पसंती जिल्हा परिषद शाळेच्या आवाराला द्यावी. प्रार्थनेसाठी केलेला सिमेंटचा ओटा किंवा गट्टू (सिमेंटचे ठोकळे) बसवलेले अंगण, व्हरांड्याचे खांब, भोवती आवारभिंत आणि फाटक हे सगळे तेथे एकत्र मिळते. वाहने आत येत नाहीत आणि गुरेही सहसा नसतात. परवानगीविषयी प्रश्न १० पाहा. त्यानंतर समाजभवन किंवा सांस्कृतिक भवनासमोरची मोकळी जागा. लग्नसराई सोडली तर ती बहुतेक दिवस रिकामी असते. आठवडी बाजाराची जागाही बाजाराचा दिवस वगळता मोकळीच असते, मात्र तेथे ओट्यांची काळजी घ्यावी लागते (प्रश्न ११).

तालुक्याजवळ राहणाऱ्यांनी बाजार समितीच्या आवारातील लिलावाच्या शेडचा विचार जरूर करावा. वर पत्र्याची सावली, खाली सलग काँक्रीट, ठराविक अंतरावर खांब, अशी जागा शिकणाऱ्याला दुसरीकडे क्वचितच मिळते. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची आवक सुरू होते, मग कापूस, तूर आणि हरभरा येतो. तेवढा काळ तिकडे फिरकू नये. पावसाळ्याचे महिने शेड बरीचशी रिकामी असते आणि नेमकी तेव्हाच कोरड्या जागेची गरज असते. समितीच्या सचिवांना भेटून विचारावे. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) आवारात मात्र हंगाम संपल्यावरही मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये, कारण तेथे यंत्रे, ट्रक आणि आगीचा धोका असतो.

गावातील अंतर्गत सिमेंट रस्ता हा सर्वांत सहज दिसणारा पर्याय आहे, आणि आम्ही तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे. कारणे प्रश्न १२ मध्ये आहेत.

४. धरायला नक्की काय चालेल आणि काय चालणार नाही?

कमरेच्या वर आणि छातीच्या खाली येणारी, हलवल्यास न हलणारी, गुळगुळीत कडेची कोणतीही वस्तू चालेल. व्हरांड्याचा खांब, आवारभिंतीची बुटकी बाजू, पाइपचे रेलिंग, पुरुषभर उंचीची साधी भिंतसुद्धा. उभी करून ठेवलेली ट्रॅक्टरची ट्रॉली हा खेड्यातला फार चांगला आधार आहे. फाळक्याची कड हाताला बरोबर येते. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावलेले आहेत आणि कुणी ती लगेच हलवणार नाही, हे मालकाला विचारून पक्के करावे. बंडी (बैलगाडी) मात्र धरू नये, कारण भार पडताच ती पुढे किंवा मागे कलते. स्टँडवर लावलेली मोटरसायकलही आधार नव्हे.

तारेच्या कुंपणाबाबत स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. काटेरी तारेजवळ सराव करूच नये, कारण तोल गेला की हात आपोआप जवळच्या वस्तूकडे जातो. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) आवरण्यासाठी वावराभोवती जी झटका मशीनची तार ओढलेली असते, तिच्यापासून तर खूप दूर राहावे; मशीन दिवसा बंद असते असे गृहीत धरू नये. काही ठिकाणी बेकायदा थेट वीजप्रवाह सोडलेला असतो आणि त्याने माणसे दगावलेली आहेत. शेतालगतच्या पांदण रस्त्यावर नवशिक्याने सराव न करण्याचे एक कारण हेही आहे.

५. घरी बांबू आहेत. त्यांचा कठडा करता येईल का?

येईल, आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागात हा सर्वांत स्वस्त व चांगला उपाय आहे. दोन समांतर बांबू आडवे बांधायचे, मध्ये अडीच ते तीन फूट अंतर ठेवायचे आणि लांबी आठ-दहा फूट ठेवायची. उंची शिकणाऱ्याच्या बेंबी आणि छातीच्या मधोमध असावी, म्हणजे सीटवर बसल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. खुंट दीड-दोन फूट जमिनीत गाडून भोवती मुरूम ठोकावा. आडवे बांबू खुंटांच्या आतल्या बाजूला बांधावेत, नाहीतर बोटे खुंटावर आपटतात. पेरांवरचे टोकदार भाग तासून घ्यावेत, बांबूच्या टोकांना कापड किंवा जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळाव्यात. पुढची बाजू पूर्ण मोकळी ठेवावी. तेथे आडवा बांबू बांधल्यास बाहेर निघण्याचा सरावच होत नाही.

दोन्ही हातांचा कठडा फक्त सीटवर बसणे, पेडल आडवे ठेवून स्थिर राहणे आणि अर्धा-अर्धा फेरा पुढे जाणे एवढ्यासाठी आहे. हे जमू लागले की एक बाजूचा बांबू सोडून द्यावा. जे महिनोन्महिने आतच फेऱ्या मारतात, त्यांचे हात मजबूत होतात, तोल नाही.

६. भिंत किंवा कठडा काहीच नाही. दोन मित्रांच्या आधाराने शिकता येईल का?

उत्तम शिकता येते, कारण हा आधार सोबत चालतो. दोघांनी दोन्ही बाजूंना उभे राहून हात समोर धरावेत आणि शिकणाऱ्याने त्यांच्या मनगटांवर वरून हात ठेवावेत. मित्रांनी ओढू नये किंवा ढकलू नये, फक्त सोबत चालावे. काही फेऱ्यांनंतर एकाने बाजूला व्हावे. तीन माणसे शेजारी शेजारी चालणार असल्याने अरुंद गल्ली यासाठी चालत नाही. मोकळ्या पटांगणात मात्र ही पद्धत सर्वांत लवकर फळ देते.

७. आमच्याकडे फक्त अंगण आणि छपरी आहे. एवढ्या जागेत काही होईल का?

पहिले काही दिवस निश्चित निघतील. छपरीच्या खांबाला धरून बसण्याचा, चढण्या-उतरण्याचा आणि जागच्या जागी तोल सांभाळण्याचा सराव एवढ्या जागेत होतो. परंतु एक धोका आधी मोजून घ्यावा. सीटवर बसल्यावर डोके उभे असतानापेक्षा वीतभर तरी वर जाते, आणि जुन्या घरांच्या चौकटी, छपरीचे आडे व टिनाच्या पत्र्याची पुढे आलेली कड नेमकी त्याच उंचीवर असते. पत्र्याची कड कपाळाला लागली तर खोल जखम होते. घरातल्या कुणाला तरी बाजूला उभे करून, बसलेल्या स्थितीत डोक्यावर हातभर मोकळी जागा आहे की नाही, हे पाहावे आणि मगच जागा ठरवावी. सडा-सारवण झालेल्या अंगणात ते पूर्ण वाळेपर्यंत थांबावे. तुळशीवृंदावन, पाण्याचे टाके आणि चुलीची जागा यांच्याकडे तोंड करून निघू नये.

८. थोडा उतार असेल तर चालेल का?

अगदी किंचित उतार चालतो. काही जणांना तर पहिला फेरा सुटण्यासाठी त्याची मदतच होते. स्पष्ट दिसणारा उतार मात्र टाळावा, कारण फ्रीव्हील नसल्याने उतारावर मागे दाब देत चाक रोखावे लागते आणि ते कौशल्य नंतरचे आहे. चढ त्याहून कठीण. जागा सपाट आहे का हे तपासायला तांब्याभर पाणी ओतून पाहावे: ते जागेवर पसरले तर जागा योग्य, धार धरून पळाले तर नाही.

शाळांमध्ये दिव्यांग मुलांसाठी केलेल्या उतरणीला दोन्ही बाजूंनी स्टीलचे रेलिंग असते, म्हणून अनेक जण तिच्याविषयी विचारतात. ती वापरू नये. एक तर ती मुद्दाम उताराचीच केलेली असते, आणि दुसरे, ज्याच्यासाठी ती केली आहे त्याची वाट अडवणे योग्य नाही.

९. एकाच जागी शिकत राहावे की जागा बदलावी?

जागा बदलावी, पण टप्पा पूर्ण झाल्यावर. आधाराशिवाय पहिले काही मीटर जाण्यासाठी बहुतेकांना साधारण १० ते १५ तासांचा सराव लागतो, आणि तो रोज अर्धा-पाऊण तास असा विभागलेला बरा. तोपर्यंत जागा, टायरमधील हवा आणि सीटची उंची बदलत राहिल्यास चुकते कुठे हेच कळत नाही. या काळात सीट साधारण बेंबीच्या उंचीवर ठेवावी आणि प्रौढांनीही शक्यतो २० इंची चाक वापरावे.

पाच-दहा मीटर जमू लागले की लांब, सरळ, मोकळी जागा लागते. आंतरराष्ट्रीय युनिसायकल महासंघाच्या पहिल्या पातळीत आधाराशिवाय चढणे, ५० मीटर चालवणे आणि सायकल समोर धरून नीट उतरणे अपेक्षित असते. म्हणून निदान ५० मीटर सलग मोजता येतील अशी जागा येथून पुढे शोधावी. शाळेचे मोठे मैदान किंवा बाजार समितीची शेड यासाठी योग्य. आधाराशिवाय चढणे शिकताना चाकामागे अडसर असला तर ते मागे सरकत नाही, त्यामुळे तीन-चार इंच उंचीची सिमेंटची कड किंवा व्हरांड्याची सर्वांत खालची पायरी असलेली जागा निवडावी. वळणे यायला लागली की मगच रोलर फिरवलेले मातीचे मैदान, गट्टूंचे सांधे आणि हलका चढ-उतार यांकडे वळावे.

१०. शाळेचे आवार वापरायचे असल्यास परवानगी कुणाकडून आणि कशी घ्यावी?

मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटावे आणि साध्या कागदावर अर्ज द्यावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनाही कल्पना द्यावी, कारण सुटीच्या दिवशी फाटक बंद दिसले किंवा कुणी हटकले तर तेच बोलू शकतात. अर्जात चार गोष्टी असाव्यात: कोणत्या वेळी येणार, किती जण येणार, सोबत कोणते प्रौढ असणार आणि काही मोडतोड झाल्यास भरपाई कोण करणार. समाजभवनासाठी असाच अर्ज ग्रामपंचायतीकडे द्यावा. तोंडी होकारावर काम भागते हे खरे. तरीही कागद असावा, कारण सरपंच बदलतात, मुख्याध्यापकांची बदली होते आणि नव्या माणसाला आपण कोण हे माहीत नसते.

शिक्षकांना हा खेळ अपरिचित वाटल्यास त्यांना जपानचे उदाहरण सांगावे. तेथील कितीतरी प्राथमिक शाळांत मुले मधल्या सुटीत एकचाकी सायकल चालवतात, आणि हात धरून शिकता यावे म्हणून मैदानाच्या कडेला आडव्या नळ्यांचे कठडे बसवलेले असतात. असा एक कठडा आपल्या शाळेत बसवणे खर्चाचे काम नाही. परवानगी मागायला जाताना शाळेच्या दोन मुलांना शिकवण्याची तयारी दाखवावी. हा सौदा नसून, जागा सगळ्यांची असल्याची खूण आहे.

११. आठवडी बाजाराच्या ओट्यांवर सराव केला तर?

ओट्यावर नाही, ओट्यांच्या मधल्या वाटेवर करावा. ओटे दोन-तीन फूट उंच असतात आणि नवशिक्याला कडेपाशी थांबता येत नाही. ओट्यांमधली वाट मात्र सपाट असेल तर दोन्ही बाजूंची कड उतरताना हाताला मिळते. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सडका भाजीपाला, केळीची साले आणि पाणी पडलेले असते. तो दिवस सोडावा किंवा स्वतः झाडून घ्यावे.

१२. घरासमोरच सिमेंट रस्ता आहे. तिथे शिकायला काय हरकत आहे?

हरकत वेळेची आणि कडेची आहे. सिमेंट रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना नालीकडे उतरता असतो, आणि बऱ्याच गावांत नाल्या उघड्या असतात. नवशिक्याचे चाक उताराकडे ओढले जाते, म्हणजे थेट नालीकडे. सकाळी गायकी (गुराखी) गुरे घेऊन निघतो आणि सायंकाळी परततो, तेव्हा रस्ता त्यांचा असतो. शेणावरून टायर घसरतो हेही लक्षात ठेवावे. दिवाळीच्या आधी-नंतर त्याच रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेले असते. कडेला सांडलेले दाणेही चाकाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात, आणि दुसऱ्याच्या मालावरून चाक नेणे तर कोणालाच आवडणार नाही.

तरीही दुसरी जागा नसेल तर बंद टोकाची गल्ली निवडावी, दोन्हीकडे एकेक माणूस उभा करावा आणि रस्त्याच्या मध्यभागी, नाली झाकलेल्या भागातच सराव करावा. एसटी, ट्रॅक्टर किंवा शाळेच्या गाड्या ज्या रस्त्याने जातात, तो रस्ता नवशिक्यासाठी नाही, मग तो कितीही गुळगुळीत असो.

१३. उन्हाळ्यात सराव बंद ठेवावा का?

बंद ठेवण्याची गरज नाही, पण घड्याळ काटेकोर पाळावे. चंद्रपूर, नागपूर, अकोला भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उजाडल्यापासून साधारण आठपर्यंतचा वेळ सरावाचा. त्यानंतर सावलीतही सराव करू नये, कारण पत्र्याच्या शेडखाली हवा तापलेलीच असते. सायंकाळविषयी अनेकांचा अंदाज चुकतो: सूर्य मावळला तरी काँक्रीट रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते, म्हणून उन्हाळ्यात सायंकाळपेक्षा सकाळ बरी. निघण्याआधी आणि मध्येही पाणी प्यावे. डोके दुखणे, मळमळ किंवा चक्कर वाटली तर त्या दिवशी पुन्हा चढू नये. सावलीत बसून मीठ-साखरेचे पाणी घ्यावे, आणि बरे न वाटल्यास आरोग्य केंद्रात जावे.

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे शाळेचे आवार सलग मोकळे मिळण्याचा सर्वांत मोठा काळ हाच आहे, आणि पहाटे उठण्याची तयारी असणाऱ्याने तो वाया घालवू नये.

१४. पावसाळ्यात बंद सभागृहात सराव करता येईल का?

येईल, फरशी कोरडी आणि झाडलेली असेल तर. गुळगुळीत कोब्यावर किंवा टाइल्सवर धुळीचा पातळ थर असला तरी चाक सरकते. काळा टायर वळताना फरशीवर डाग पाडतो आणि सायकल आपटली की सीटच्या कडा व पेडल फरशीला खरचटतात. म्हणून टायर पुसून आत न्यावा, प्लास्टिकचे पेडल लावावेत आणि जाताना फरशी पुसून द्यावी. पुढच्या वेळी चावी मिळणे यावरच अवलंबून असते. ज्या सिमेंटवर हिरवे शेवाळ धरले आहे, तेथे पाऊस थांबून ऊन पडले तरी जाऊ नये.

१५. काट्यांमुळे सारखे पंक्चर होते. काय करावे?

सराट्याचा काटा कसाही पडला तरी त्याचे एक टोक वरच राहते, आणि तो नेमका मोकळ्या मैदानांच्या कडेला वाढतो. बाभळीचे आणि बोरीचे काटे कुंपणांजवळ सापडतात. सराव सुरू करण्याआधी पूर्ण पट्टा खराट्याने झाडावा; यात दहा मिनिटे जातात आणि खडेही निघतात. चप्पल-बुटांच्या तळव्याला चिकटून काटे आत येतात, म्हणून झाडलेल्या पट्ट्यात येण्याआधी तळवे झटकावेत. २० इंची ट्यूब लहान मुलांच्या सायकलींनाही लागते, त्यामुळे तालुक्याच्या दुकानात ती सहसा मिळते. मात्र व्हॉल्व्हचा प्रकार आपल्या रिमच्या छिद्रात बसतो का, हे जुनी ट्यूब सोबत नेऊन पाहावे. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेतच भरावी. हवा फार कमी असेल तर चाक जड चालते आणि वळताना जमिनीला धरून बसते.

१६. मुलीला शिकायचे आहे, पण बघे जमतात आणि ती संकोचते. कुठे न्यावे?

शाळेचे आवार, तेही एखाद्या शिक्षिकेच्या किंवा घरच्या माणसाच्या उपस्थितीत, सर्वांत योग्य. भिंत आणि फाटक असल्याने कोण आत येणार हे ठरवता येते. एकटीऐवजी तीन-चार मुलींना एकत्र शिकू द्यावे. आधाराचे हातही त्यांचे त्यांनाच मिळतात (प्रश्न ६). ओढणी, सैल सलवारीचा घोळ आणि बुटांच्या नाड्या पेडलमध्ये अडकतात, म्हणून अंगासरशी पँट घालावी आणि नाड्या आत खोचाव्यात. बघ्यांमध्ये लहान मुले असतील तर त्यांना खडे वेचायला आणि अंतर मोजायला सांगावे. ती लगेच आपल्या बाजूची होतात. त्रास देणारे कुणी असतील तर मुलीने जागा सोडावी असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्यांनी जाऊन बोलावे.

१७. आमचे गाव जंगलाला लागून आहे. पहाटे सराव करणे सुरक्षित आहे का?

गावाच्या आत, वस्तीच्या मधोमध, उजाडल्यानंतर आणि सोबतीने करावा. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच आणि मेळघाटच्या भोवतालची गावे, तसेच ब्रह्मपुरी परिसर, येथे पहाटे आणि तिन्हीसांजेला वाघ-बिबट्यांचा वावर असतो. मोहफुलांच्या दिवसांत अस्वलेही मोहाच्या झाडांखाली येतात. प्रश्न १३ मध्ये उन्हाळ्यासाठी दिलेला सकाळचा सल्ला अशा गावांना तसाच लागू होत नाही: येथे पूर्ण उजाडून लोकांची ये-जा सुरू होईपर्यंत थांबावे, मग ऊन चढेपर्यंत कमी वेळ मिळाला तरी चालेल. गावाबाहेरचा डांबरी रस्ता रिकामा आणि गुळगुळीत असला तरी तिकडे जाऊ नये. वनविभागाने किंवा गावच्या प्राथमिक बचाव दलाने सूचना दिली असेल तर ती उठेपर्यंत सराव घराच्या अंगणातच ठेवावा.

१८. मंदिराचा सभामंडप, विहाराचे अंगण किंवा स्मशानशेड रिकामी असते. तिथे विचारावे का?

सभामंडप आणि विहाराचे अंगण याबाबत विश्वस्तांना किंवा मंडळाला विचारण्यास हरकत नाही, मात्र आत बूट चालतात का हा पहिला प्रश्न असावा. अनवाणी सराव करू नये, म्हणून बूट चालत नसतील तर विषय तेथेच संपतो. प्रार्थना, भजन, वंदना यांच्या वेळा सोडाव्यात. स्मशानशेडचे काँक्रीट कितीही चांगले असले तरी तेथे सराव करू नये. ज्यांच्या घरचे माणूस तेथे नेले आहे, त्यांना ते पाहून दुःख होईल, आणि अंत्यविधी वेळ सांगून येत नाही.

१९. कालव्याचा रस्ता, धरणाची भिंत, समृद्धीखालचा बोगदा किंवा बंद पडलेल्या रेल्वेचा फलाट चालेल का?

चारही जागा दुरून आदर्श दिसतात, आणि चारही नवशिक्याने सोडाव्यात.

कालव्याकाठचा रस्ता सरळ आणि निर्मनुष्य असतो, पण अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या उतरत्या बाजू गुळगुळीत असतात. पाणी सुटलेले असताना आत गेलेल्या माणसाला, पोहता येत असले तरी, वर येणे कठीण जाते. गोसीखुर्दच्या किंवा अप्पर वर्धाच्या कालव्यालगत राहणाऱ्यांना हे ठाऊक आहे. पाहुण्या मुलांना ते सांगून ठेवावे. धरणाच्या भिंतीवर बाजूची उंची हाच धोका आहे, शिवाय अनेक ठिकाणी तेथे प्रवेशच बंद असतो.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाखालून वावराकडे जाणारे बोगदे उन्हाळ्यात सावली देतात आणि खाली काँक्रीट असते, म्हणून वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाण्याकडून याविषयी विचारणा होते. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरणाऱ्या ट्रॅक्टरचालकाला काही क्षण आतले दिसत नाही, आणि आत बाजूला व्हायला जागा नसते. पावसात तेथे पाणी आणि गाळ साचतो. दोन्ही तोंडांना माणसे उभी करूनही आम्ही ही जागा सुचवणार नाही.

मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या ‘शकुंतला’ या बंद पडलेल्या रेल्वेगाडीची स्थानके ओस पडलेली पाहून तेथील फलाट कुणालाही मोह घालतील. गाडी बंद असली तरी जमीन रेल्वेच्या हद्दीत आहे, आणि रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ नुसार तेथे विनापरवाना जाणे हा गुन्हा आहे. त्याशिवाय फलाटाची कड तुटलेली असते, गवतात जुने लोखंड पडलेले असते आणि पडझड झालेल्या इमारतींत साप असतात. अशा ठिकाणी काही झाले तर हाक ऐकायला कुणी नसते, म्हणून स्थानकाऐवजी त्याच गावातील शाळेच्या मुख्याध्यापकांचे दार ठोठवावे. पद्धत प्रश्न १० मध्ये दिली आहे.